हातभाराचा हिशेब

दिवाळी अंकाचे हे एक बरे असते. एरवी दर आठवड्याला आम्हांला दीड रकान्यात अंग चोरून बसावे लागते. दिवाळीला मात्र संपादक ऐसपैस पाट मांडतात. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा तोंडात टाका, शेजारी चहाचा पेला ठेवा आणि जरा निवांत बसा. आज मी तुम्हांला बर्फावर नेणार आहे.

बर्फाशी माझा संबंध आयुष्यभर उसाच्या रसापुरता आणि ताप चढल्यावर डोक्यावर ठेवायच्या पिशवीपुरता. हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवावेत आणि ध्यानचंद म्हटले की मैदान, इतकी साधी आमची समजूत. पायांत धारदार पाती बांधून बर्फावर हॉकी खेळणारे लोक जगात आहेत, हे ऐकून ठाऊक होते. पण ऐकून ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट पाहायला कोणी उठून जातो थोडाच! मी गेलो, कारण आमचा नातू तो खेळ खेळतो.

चिरंजीव कॅनडात, ओंटॅरिओ प्रांतात असतात. नातू नऊ वर्षांचा. आमच्याकडे रविवार सकाळचा साडेसातचा चहा चालू असतो तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते, आणि शनिवारी नातवाचा सामना झालेला असतो. मी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारी.

"काय रे, किती गोल केलेस?"

"झीरो, आजोबा."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी मी म्हटले, "अरे, मग तिथे काय नुसता बर्फ उडवायला जातोस?" आपण मोठाच विनोद केला असे मला वाटले. पलीकडून हसू काही आले नाही.

त्यानंतर नातू फोनवर सापडेनासा झाला. एकदा तो झोपला होता, एकदा आंघोळीला गेला होता, एकदा तर गृहपाठ करीत होता. शनिवारी रात्री नऊ वाजता गृहपाठ करणारे मूल आमच्या घराण्यात सात पिढ्यांत झालेले नाही; पण तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. हिच्या डोक्यात पडला असावा. ही फक्त म्हणाली, "अहो, जेवलास का ते तरी आधी विचारत जा."

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे तिकडे गेलो. पहिल्याच शनिवारी मला अंगभर लोकर गुंडाळून सामन्याला नेण्यात आले. क्रीडांगण म्हणजे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद अशी बर्फाची लादी. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा गडी. चेंडू नाहीच, त्याऐवजी कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड. तिला पक म्हणतात. ती फार उसळू नये म्हणून मोठ्या सामन्यांत आधी गोठवून ठेवतात. मोठ्यांचा खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत चालतो, आणि गडी इतके दमतात की मिनिट व्हायच्या आत बाकावर येऊन बसतात व दुसरे उड्या टाकून आत जातात. खेळ मात्र थांबत नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढपी बदलतात आणि जेवणाऱ्याला पत्ता लागत नाही, तसेच.

आमचे बाळराजे नखशिखांत चिलखत घालून हिंडत होते. गोल त्यांनी एकही केला नाही. मी मनात म्हटले, पुन्हा शून्य! सामना संपल्यावर दारापाशी हंगामाचा तक्ता लावलेला होता, तो चष्मा पुसून वाचू लागलो. नातवाच्या नावापुढे पहिल्या रकान्यात शून्य होते. दुसऱ्या रकान्यात चौदा. आणि शेवटच्या, बेरजेच्या रकान्यातही चौदा!

"हे चौदा कसले रे?" मी विचारले.

"असिस्ट, आजोबा," तो बुटांकडे बघत म्हणाला.

परतताना गाडीत चिरंजिवांनी मला नियम समजावला. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो. पण त्याच्या आधी ज्याने त्याला पक दिली, आणि त्याच्याही आधी ज्याने त्या दुसऱ्याला दिली, अशा दोघांपर्यंत प्रत्येकाला एकेक 'असिस्ट' मिळतो, आणि वहीत त्याचीही किंमत एकच गुण! मी त्याला 'हातभार' म्हणतो. गोलाला एक आणि हातभारालाही एक. साऱ्या हंगामात संघातल्या चौदा गोलांना आमच्या नातवाचा हात लागला होता, आणि मी त्याला बर्फ उडवणारा म्हणालो होतो.

मागच्या आसनावर नातू झोपला आहे असे पाहून चिरंजीव हळूच म्हणाले, "नाना, त्याला फोनवर गोल किती ते विचारू नका. मलाही तुम्ही तेच विचारायचात."

मी चमकलो. "मी? तू कधी हॉकी खेळलास?"

"मॅट्रिकला माझा शाळेत पाचवा नंबर आला. मी पेढे घेऊन आलो. तुम्ही विचारलंत, पहिला कोण आला?"

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर बर्फ पडत होता. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. त्याला पेढ्यांसकट आठवत होता.

दुसऱ्या दिवशी, बहुधा झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून, चिरंजिवांनी मला ब्रँटफर्डला नेले. गाव तासाभराच्या अंतरावर. ग्रँड नदीच्या काठचे हे गाव टेलिफोनचे गाव म्हणून मिरवते. टेलिफोनची कल्पना १८७४ साली ग्रॅहॅम बेल यांना सुचली ती इथल्या आपल्या वडिलांच्या घरी, असे मानतात. टेलिफोनवर नातवाला दुखावून आलेल्या आजोबाला हिंडवायला याहून योग्य गाव शोधून सापडले नसते. पण आम्ही गेलो होतो ते दुसऱ्याच एका मुलाच्या कहाणीसाठी. त्या मुलाचे नाव वेन ग्रेट्स्की. जन्म २६ जानेवारी १९६१, याच गावचा. क्रिकेटमध्ये जसे ब्रॅडमन, तसे बर्फावरच्या हॉकीत ग्रेट्स्की. म्हणजे दुसरा क्रमांक कुणाचा एवढ्यावरच वाद घालायचा.

वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत तंत्रज्ञ. पगार बेताचा, मुले पाच. वेन दोन वर्षांचा असताना आजोबांच्या शेतावरच्या बर्फावर पहिल्यांदा उभा राहिला. पुढे वडिलांनी घरामागच्या अंगणातच बर्फाचे क्रीडांगण केले. युक्ती साधी: बागेला पाणी देण्याचे कारंजे रात्रभर चालू ठेवायचे आणि उरलेले काम थंडीवर सोपवायचे. एका हिवाळ्यात ते कारंजे मोडले. वॉल्टरनी पत्नीला, फिलिसबाईंना, नवे आणायला दुकानात पाठवले. सारे गाव गोठलेले, आणि ही बाई झाडांना पाणी घालायचे यंत्र मागते आहे! दुकानदाराने त्यांच्याकडे कसे पाहिले असेल याची कल्पना करा. हे काम पुन्हा मला सांगायचे नाही, असे घरी येऊन त्यांनी नवऱ्याला बजावले म्हणतात. पण कारंजे त्या घेऊन आल्या होत्या.

हा प्रसंग मी रात्री हिला सांगितला तेव्हा ही खदखदून हसली, आणि मग म्हणाली, "त्याचा गुण त्या बाईच्या नावावर लिहिला का कुणी?"

वॉल्टर अंगणात डबे आणि काठ्या मांडून मुलाला त्यांतून वळसे घ्यायला लावीत. दूरचित्रवाणीवर सामना लागला की त्याच्या हाती मैदानाचा नकाशा काढलेला कागद आणि पेन्सिल देत. पडद्यावर पक जाईल तशी कागदावर पेन्सिल चालवायची, कागदाकडे न पाहता. सामना संपल्यावर जिथे रेघांची सर्वांत दाट जाळी झालेली दिसे, तिथे पक वरचेवर येते हे उघडच! पक आहे तिथे धावू नकोस, ती जिथे जाणार आहे तिथे जा, हा त्या बापाचा धडा. पुढे हे वाक्य व्यापारी लोकांनी इतके वापरले की गुळगुळीत झाले. पण मूळचे ते टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या एका माणसाने पोराला अंगणात सांगितलेले.

वेन सहा वर्षांचा असताना दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळू लागला. सदरा इतका मोठा की काठीत अडके, म्हणून वडिलांनी तो एका बाजूने विजारीत खोचून दिला. ती खोच त्याने जन्मभर ठेवली. त्या पहिल्या साऱ्या हंगामात त्याने किती गोल केले असतील? एक. फक्त एक! मी त्याचा आजोबा असतो आणि दर रविवारी फोन करीत असतो, तर त्या पोराने बहुधा बुद्धिबळ धरले असते.

चार वर्षांनी, दहाव्या वर्षी, त्याच मुलाने एका हंगामात ३७८ गोल केले. आता सारे आनंदी आनंद असेल असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. गावातल्या इतर मुलांच्या आईबापांना हा पोरगा डोळ्यांत खुपू लागला. आपल्या मुलाच्या वाट्याचे सारे हाच खातो, असे त्यांना वाटे. प्रेक्षकांत बसून मोठी माणसे एका लहान मुलाची हुर्यो उडवू लागली. शेवटी चौदाव्या वर्षी त्याने गाव सोडले आणि टोरोंटोला दुसऱ्या एका कुटुंबात राहून तो खेळू लागला. ज्या वयात आपली मुले आईला मोजे कुठे आहेत ते विचारतात, त्या वयात हा मुलगा परक्या घरी राहिला. एक गोल केला तर हिणवणारे आजोबा, ३७८ केले तर हिणवणारे शेजारी. मुलाने करायचे तरी काय?

पुढची हकीकत वेगाने सांगतो, कारण तीही वेगानेच घडली. सतराव्या वर्षी, १९७८ साली तो व्यावसायिक झाला. प्रथम इंडियानापोलिस, आणि आठच सामन्यांनी एडमंटन. अठराव्या वाढदिवशी त्याने एकवीस वर्षांच्या करारावर सही केली. अंगकाठी बेताची, वेगही डोळे दिपवणारा नाही, मोठ्या गड्यांत हा चिरडला जाईल, असे जाणते लोक म्हणत. पाठीवर आकडा ९९. त्याचे दैवत होते गॉर्डी हाऊ, ज्यांचा आकडा ९. लहान गटात खेळताना ९ दुसऱ्याने घेतलेला होता, म्हणून मग याने दोन नऊ घेतले.

१९७९ मध्ये एडमंटनचा संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये आला. १० ऑक्टोबर १९७९ ला तिथल्या पहिल्या सामन्यात ग्रेट्स्कीने पहिला गुण मिळवला, तो हातभाराचा. गोल केला केव्हिन लो याने. त्या हंगामाअखेर त्याचे आणि मार्सेल डियॉनचे गुण सारखे झाले, १३७. पारितोषिक डियॉनला मिळाले, कारण गोल त्याचे ५३ आणि याचे ५१. गोल आणि हातभार समान म्हणणाऱ्या वहीनेही बरोबरी होताच पारडे गोलाकडे झुकवले. शेवटी माणसेच ती!

मग मात्र बरोबरी कोणाशी झालीच नाही. पूर्वी मॉरिस रिशार या थोर खेळाडूने १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल केले होते, आणि तो पराक्रमाचा शेवटचा दगड समजला जाई. ग्रेट्स्कीने ३० डिसेंबर १९८१ ला ३९ व्या सामन्यातच पन्नासावा गोल केला. त्या एका रात्रीत पाच. त्या हंगामात त्याचे गोल झाले ९२ आणि एकूण गुण २१२. हंगामात दोनशे गुण हा टप्पा त्याने चारदा ओलांडला. दुसऱ्या कोणालाही तो एकदाही गाठता आलेला नाही. मारिओ लेम्यू १९९ वर थांबला. ग्रेट्स्कीची सर्वांत मोठी बेरीज १९८५-८६ मधली, २१५. आणि त्यात गोल किती? अवघे ५२. उरलेले १६३ हातभार!

तो करायचा काय, तर विरोधी गोलाच्या मागे, जिथे कोणाचे लक्ष नसते त्या जागेत जाऊन उभा राहायचा. त्या जागेला लोक त्याची कचेरी म्हणत. तिथून त्याला सारे मैदान दिसे, आणि योग्य क्षणी तो योग्य माणसाच्या काठीपाशी पक सरकवी. फिनलंडहून आलेल्या यारी कुरीने आपल्या कारकिर्दीत ६०१ गोल केले; त्यांतल्या कित्येकांचा पत्ता त्या कचेरीतून निघालेला होता.

पण एकट्या हुशारीवर करंडक मिळत नाही. १९८३ च्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क आयलंडर्सनी एडमंटनला सलग चार सामन्यांत हरवले. हरून जाताना ग्रेट्स्की त्यांच्या खोलीवरून गेला. आत जल्लोष असेल असे त्याला वाटले होते. पाहतो तो जिंकलेले गडी दुखऱ्या गुडघ्यांवर आणि खांद्यांवर बर्फाच्या पिशव्या धरून बसलेले. आणि आपण हरलेले मात्र धडधाकट! तेव्हा त्याला जिंकण्याची किंमत कळली. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्यांनी त्याच संघाला हरवून स्टॅनले करंडक घेतला. नंतर १९८५, १९८७ आणि १९८८ मध्येही.

आणि मग ९ ऑगस्ट १९८८. लग्नाला महिनाही झाला नव्हता तोच मालकाने त्याला लॉस अँजेलिसच्या संघाला देऊन टाकले. दीड कोटी डॉलर, दोन खेळाडू आणि पुढच्या वर्षांतल्या नवख्या खेळाडूंवरचे तीन हक्क, असा तो सौदा. पत्रकारांसमोर सत्तावीस वर्षांचा तो गडी रडला. बोलणे पुरे करू शकला नाही. सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी कॅनडाच्या एका खासदाराने केली. जिथे एकवीस वर्षे राहीन म्हणून सही केली, ते घर दहा वर्षांत सुटले. आपल्याकडे बदलीचा हुकूम हाती पडलेल्या कारकुनालाच याचे दुःख कळेल.

गंमत पाहा, उरलेल्या मंडळींनी १९९० मध्ये त्याच्यावाचून एडमंटनला पुन्हा करंडक जिंकून दिला. त्याला मात्र पुन्हा कधीच मिळाला नाही. हातभार त्यालाही लागत होताच की!

गॉर्डी हाऊंचा १८५० गुणांचा विक्रम त्याने १५ ऑक्टोबर १९८९ ला मोडला, तोही एडमंटनमध्येच, पाहुण्या संघातून खेळताना. हाऊ स्वतः तिथे हजर होते. पुढे १९९४ मध्ये हाऊंचा ८०१ गोलांचाही विक्रम गेला. लॉस अँजेलिसनंतर थोडे दिवस सेंट लुई, आणि शेवटी न्यूयॉर्क. १८ एप्रिल १९९९ ला तो शेवटचा सामना खेळला. त्याचा करार संपायचा होता तेच ते साल. गाव तेवढे निराळे. त्या दिवशी त्याने गोल केला नाही. एक हातभार लावला. पहिली नोंद हातभाराची आणि शेवटचीही हातभाराचीच! वही मिटली तेव्हा आकडे होते: गोल ८९४, हातभार १९६३, एकूण २८५७. ९९ हा आकडा मग लीगमध्ये कोणालाच द्यायचा नाही असे ठरले.

त्याचा धाकटा भाऊ ब्रेंटही त्याच लीगमध्ये तेरा सामने खेळला. त्याचे गुण चार. दोन भावांच्या जोडीने मिळवलेले सर्वांत जास्त गुण म्हणून २८६१ हा आकडा सांगतात. ब्रेंटचे ते चार त्यात मोजतात, हे मला फार आवडले.

६ एप्रिल २०२५ ला रशियाच्या अलेक्झांडर ओवेच्किनने ८९५ वा गोल केला आणि ग्रेट्स्कीचा गोलांचा विक्रम मागे पडला. टाळ्या वाजवायला ग्रेट्स्की तिथे उभा होता. ३१ वर्षांपूर्वी त्याने हाऊंचा मोडला, आता याचा मोडला. गोल मोडायचेच असतात. पण १९६३ हातभारांच्या जवळपास कोणी नाही. दुसऱ्या क्रमांकावरचे रॉन फ्रान्सिस १२४९ वर आहेत. त्याचे सारे गोल पुसून टाकले तरी उरलेले हातभार इतर कोणाच्याही एकूण गुणांपेक्षा अधिक भरतात. हा हिशेब मी स्वतः कागदावर करून पाहिला. आयुष्य हिशेबखात्यात गेले आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्या रकान्यात घालावी ते मला कळत नाही. १९९१ साली वॉल्टर यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण आधीच्या कितीतरी वर्षांची आठवण पुसली गेली. मुलाने जिंकलेले करंडक, ते विक्रमांचे दिवस, बापाच्या मनातून बर्फासारखे वितळून गेले. ज्याने रात्र रात्र पाणी सोडून ते अंगण गोठवले, त्यालाच पीक आठवेना. पुढे तीस वर्षे ते जगले, गावच्या मुलांत रमले, आणि मार्च २०२१ मध्ये गेले. मला त्या पाचव्या नंबराचे पेढे आठवत नव्हते, तेही कुठला आजार नसताना. हे मनात आले आणि ब्रँटफर्डच्या रस्त्यावर मी चिरंजिवांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटले, "पाचवा नंबर म्हणजे चांगलाच होता रे." चाळिशी उलटलेला माझा मुलगा जरा थांबला, आणि म्हणाला, "पेढेही चांगले होते, नाना."

आम्ही परत आलो. आता रविवारी फोन लागतो तेव्हा नातू असतो. मी आधी जेवलास का ते विचारतो, मग विचारतो, "आज कुणाकुणाला पक दिलीस?" मग तो इतके बोलतो, इतके बोलतो, की माझा चहा गार होतो. परवा त्याने एक गोल केला म्हणे. ते मला सर्वांत शेवटी सांगितले, सहज आठवल्यासारखे.

हिने तेवढ्यात दुसरा पेला आणून ठेवला. मी वहीत लिहून ठेवले आहे.